मुलांना कोणता 'जंगल बुक' दाखवायचा: १९६७, २०१६ की २०१८?

तिन्हीत मोगली तोच, बघीरा तोच, शेरखानही तोच, पण पाच वर्षांच्या पोराला चुकून तिसरा लावलात तर रात्रभर तुम्हीच जागणार, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

१९६७ चा म्हणजे डिस्नेचं ॲनिमेशन. ७८ मिनिटं, मस्त गाणी, नाचणारा बल्लू. डिस्नेचा कथालेखक बिल पीटने आधी रुडयार्ड किपलिंगच्या मूळ पुस्तकासारखी गंभीर गोष्ट लिहिली होती, ती वॉल्ट डिस्नेला पटली नाही, पीट बाहेर पडला आणि सगळं हलकंफुलकं झालं. पुस्तकातला 'का' नावाचा अजगर मोगलीचा दोस्त, माकडांच्या तावडीतून त्याला सोडवणारा, इथे त्याचा व्हिलन केलाय, आणि राजा लुई तर पुस्तकात नाहीच (भारतात ओरांगउटान कुठून आला ते विचारू नका). शेवटी शेरखानच्या शेपटीला जळती फांदी बांधली की तो पळून जातो, विषय संपला. चार-पाच वर्षांच्यांना डोळे झाकून लावा. मोठ्या मुलांना मात्र बोअर होऊ शकतो, कारण गोष्ट अशी फार नाहीच, एका प्राण्याकडून दुसऱ्याकडे फिरणं आहे.

२०१६ चा जॉन फॅवरोचा. माझं मत विचाराल तर पहिली पसंती यालाच. अख्खं जंगल लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत उभं केलंय, प्राणी सगळे कॉम्प्युटरवर बनवलेले, खरा म्हणावा तर नील सेठी नावाचा पोरगा तेवढा, आणि तरी दुष्काळात नदी आटल्यावर वाघ-हरीण एकाच पाण्यावर येतात तो सीन बघताना हे काहीच डोक्यात येत नाही. इफेक्ट्सचं ऑस्कर उगाच नाही मिळालं.

पण मला आवडतो तो त्यातला शेरखान. मोगली निघून गेलाय आणि हा लांडगीण रक्षाच्या पिल्लांमध्ये आरामात पसरून त्यांना कोकिळेची गोष्ट सांगतोय, दुसऱ्याच्या घरट्यात अंडं घालते आणि त्या घरच्यांची पिल्लं उपाशी राहतात वगैरे, आवाज एकदम आजोबांसारखा, पिल्लं खूश, आणि बाजूला आईचा जीव टांगणीला लागलेला. एकही डरकाळी नाही. मोठ्या माणसालाही काटा येतो. हिंदीत बघाल तर हा आवाज नाना पाटेकरांचा, तेच ज्यांनी नव्वदच्या दशकात दूरदर्शनवरच्या जपानी मोगलीतल्या शेरखानला आवाज दिला होता, त्यामुळे 'चड्डी पहन के फूल खिला है' म्हणत वाढलेल्या आईबाबांनी तरी हिंदीच लावा, इरफानचा पंजाबी ढंगातला बल्लू बोनस.

खटकतं ते एकच, जुनी गाणी धड सोडलीही नाहीत आणि धड घेतलीही नाहीत. लुई इथे नामशेष झालेल्या महाकाय वानराच्या रूपात आहे, अंधारातून हळूहळू पुढे येतो, पोरं श्वास रोखून बसलेली, आणि हा गाणं म्हणायला लागतो!

आपल्याकडे याला यूए सर्टिफिकेट दिलं तेव्हा लोकांनी सेन्सॉरची खूप खिल्ली उडवली होती. खरं सांगायचं तर अगदीच चुकीचं नव्हतं, लांडग्यांचा म्होरक्या अकेला, त्याला शेरखान ज्या पद्धतीने कड्यावरून फेकतो ते सहा वर्षांच्या मुलाला एकट्याने बघायला देऊ नका, शेजारी बसा.

२०१८ चा अँडी सर्किसचा, वॉर्नरने बनवला आणि मग थिएटरऐवजी नेटफ्लिक्सला देऊन टाकला. तिघांत पुस्तकाच्या सगळ्यात जवळ हाच, अजगर इथे शत्रू नाही, मोगली माणसांच्या गावात जाऊन राहतो, दोन्हीकडे परका. पण किपलिंगच्या जवळचा म्हणजे मुलांसाठी चांगला असं नसतं. भूत नावाचं एक पांढरं लांडग्याचं पिल्लू आहे, मोगलीचं जिवलग, रागाच्या भरात मोगली त्याला नको ते बोलून जातो, आणि पुढे शिकाऱ्याच्या खोलीत त्याचं पेंढा भरलेलं डोकं मांडून ठेवलेलं दिसतं. झालं. माफी मागायची संधीच नाही. सिनेमा म्हणून हा त्यातला सगळ्यात दमदार क्षण आहे, फक्त आठ वर्षांच्या मुलासाठी नाही. शिवाय प्राण्यांच्या चेहऱ्यात नटांचे चेहरे मिसळलेत, ते बघून विचित्र वाटतं, मला तरी शेवटपर्यंत सवय झाली नाही. बारा-तेरा वर्षांचं मूल असेल आणि पुस्तक वाचलं असेल तर जरूर.

घरात पाच आणि अकरा अशी दोन वयं असतील तर २०१६ चाच लावा, हिंदीत, दिवसाउजेडी, आणि कड्याच्या सीनला धाकट्याला पाणी आणायला पाठवा.