पावसातला रविवार : आंबोली की कणकुंबी?

जुलै लागला की बेळगावात दर शनिवारी रात्री तोच वाद. उद्या आंबोली की चोर्ला घाट? धबधब्याखाली भिजून, भजी खाऊन संध्याकाळी घरी यायचं असेल तर वाद कशाला घालता, सरळ आंबोलीला जा. पण पावसात खरोखर चालायचं असेल, तर मी चोर्ल्याच्या रस्त्यावर कणकुंबीला गाडी थांबवा म्हणेन.

गंमत म्हणजे दोन्हीकडे नदीचा उगम आहे. आंबोलीला हिरण्यकेशी, कणकुंबीला मलप्रभा. हिरण्यकेशी आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर करत घटप्रभेला मिळते. गोकाकला आपण जो धबधबा बघतो त्यात आंबोलीचा पाऊसही असतो. मलप्रभा माउलीच्या देवळापाशी उगम पावून कुडलसंगमला कृष्णेला भेटते. आणि तिथूनच थोडं पश्चिमेला पडलेलं पाणी म्हादईतून गोव्याला जातं. दोन राज्यं ज्या पाण्यावरून भांडतात, ते आपल्या बुटांखालून वाहत असतं.

आंबोली बेळगावपासून सुमारे ७० किलोमीटर. वाटेत नांगरतास धबधबा लागतो, तो चुकवू नका. मुख्य धबधब्यापाशी मात्र रविवारी गाड्यांची रांग असते, आणि तुमचं ‘चालणं’ म्हणजे डांबरी रस्त्यावर छत्र्या चुकवणं. हिरण्यकेशीचं गुहेतलं देऊळ त्या मानानं शांत. तिथल्या कुंडात सापडलेल्या छोट्या माशाला नदीचंच नाव मिळालं आणि २०२१ मध्ये ती जागा जैविक वारसा स्थळ झाली, तेव्हा पाण्यात उतरू नका. कावळेसादला वारा जोरात असला तर दरीत पडणारं पाणी उलटं वर येतं. आईवडील बरोबर असतील तर एवढं पुरे.

कणकुंबी ४५ किलोमीटरच्या आसपास, म्हणजे जवळ. पण जांबोटीच्या पुढे खड्डे मोजत जावं लागतं. कणकुंबीहून चिगुळ्यापर्यंत गावच्याच रस्त्यानं चाला. जाऊन-येऊन अर्धा दिवस. चिगुळ्यात माउलीच्या देवळामागे दरी आहे. आहे म्हणतो, कारण गेल्या खेपेला आम्हाला ती दिसलीच नाही. पाऊण तास धुक्यात उभे राहिलो, खालून नुसता पाण्याचा आवाज. बरोबरचे दोघं वैतागले, मला मात्र तेच आवडलं. जळवा भरपूर. मोज्यांना तंबाखूचं पाणी लावा, पुडीत मीठ ठेवा, आणि घरी आल्यावर एकदा पायाच्या बोटांमध्ये बघा. हॉटेलं फारशी नाहीत, फोनला रेंज येते-जाते. डबा घरूनच न्या.

याच रस्त्यावर वज्रपोहा धबधब्याचा मोह होतो. पावसाळ्यात वनखातं तिकडे सोडत नाही आणि जंगलातला ओढा कधी फुगेल याचा नेम नाही. ‘ओळखीचा माणूस आहे, नेतो’ म्हणणाऱ्याच्या मागे लागू नका.

लहान पोरं असतील तर दोन्ही सोडा, येळ्ळूरचा राजहंसगड बरा. गाडी वरपर्यंत जाते, अर्ध्या दिवसात घरी.

आम्ही या रविवारी परत कणकुंबीलाच चाललोय. सकाळी सहाला निघायचं, म्हणजे धुकं उठलं तर दरी दिसेल. नाही उठलं तर डबा आहेच.