जुन्या डिझेल पिकअपचे मागचे ब्रेक: ड्रमच ठेवायचे की डिस्क बसवायची?

ड्रममध्ये लायनर (आतून घासून चाक थांबवणारं अस्तर) फिरत्या ड्रमबरोबर ओढला जाऊन आपोआप जास्त घट्ट बसतो, त्यामुळे कमी दाबातही पकड चांगली मिळते. हँडब्रेकही त्यातच. पण लांब घाटउतारावर ड्रम तापला की पेडल दाबूनही गाडी रेटत राहते. पाण्यातून गेल्यावरही तेच.

डिस्क लवकर थंड होते, पॅड बदलणं सोपं. मात्र नुसती डिस्क लावून भागत नाही: मास्टर सिलिंडर (पेडलच्या जोराने ब्रेक ऑइलवर दाब आणणारा), हँडब्रेकची सोय, मागच्या-पुढच्या दाबाचं प्रमाण, सगळं जुळवावं लागतं. ते चुकलं तर रिकाम्या पिकअपची हलकी मागची चाकं आधी लॉक होतात आणि गाडी आडवी फिरते. (भारानुसार मागच्या ब्रेकचा दाब कमी-जास्त करणारा लोड-सेन्सिंग व्हॉल्व्ह बरेच जण काढून टाकतात. काढू नका.)

माझं मत? आधी ड्रमच नीट करा: नवे लायनर, चाकातले व्हील सिलिंडर, ऑइलच्या रबरी नळ्या (होज). ब्रेक ऑइल डॉट ३ दर्जाऐवजी डॉट ४ घाला. नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ वरून २३० अंशांवर जातो. पेडल जड लागत असेल तर व्हॅक्यूम पंप तपासा. डिझेल इंजिनात पेडल हलकं करणाऱ्या बूस्टरला व्हॅक्यूम बहुधा तोच पुरवतो. डिस्कचा खर्च रोज भार घेऊन घाट उतरणाऱ्यानेच करावा.