आठ महिने क्लायंटसह आणि क्लायंटशिवाय: अचीव्हमेंट नेमकी राहते कुठे?

गेले आठ महिने मी निम्मे गेम स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानाच्या क्लायंटवर, म्हणजे गेम उतरवणाऱ्या आणि चालवणाऱ्या त्याच्या अ‍ॅपवर, खेळलो आणि निम्मे जीओजी या दुसऱ्या दुकानाचे ऑफलाइन इन्स्टॉलर (थेट गेम बसवणाऱ्या फाइली) उतरवून, कुठलाही क्लायंट न टाकता. अचीव्हमेंट, म्हणजे गेममध्ये ठरावीक कामगिरी केल्यावर मिळणारे बिल्ले, मला मनापासून आवडतात. कोपऱ्यात ती छोटी पट्टी वर सरकली की आपल्या कष्टांची दखल घेतली गेली असं वाटतं. ही दखल घेतं कोण, हे मला नीट पाहायचं होतं.

अट पूर्ण झाली हे ओळखतो गेम. तो क्लायंटला तसं कळवतो; पट्टी दाखवणं आणि नोंद सर्व्हरवर चढवणं हे क्लायंटचं काम. नेट नसलं तरी स्टीम ऑफलाइन मोडमध्ये चालू असेल तर नोंद मशीनवर थांबते आणि नंतर सिंक होते. माझं नेट दोन दिवस बंद होतं, तरी एकही अचीव्हमेंट हुकली नाही. क्लायंटच नसेल तर मात्र गेमने कळवायचं कुणाला? जीओजीचे गेम गॅलॅक्सी या जीओजीच्या क्लायंटशिवाय व्यवस्थित चालतात, पण प्रोफाइल कोरंच राहतं.

याचा फटका मला एका मोठ्या गेममध्ये बसला. जवळजवळ चाळीस तास क्लायंटशिवाय खेळलो, मग क्लायंट टाकून जुनी सेव्ह फाइल (खेळ कुठवर आला याची साठवलेली नोंद) उघडली. एका मिनिटात अकरा पट्ट्या धडाधड आल्या, सगळ्यांवर वेळ तीच. एवढं सोनं साठवलं, एवढे नकाशे उघडले, अशा मोजणीच्या गोष्टी सेव्हमध्ये असतात, त्या गेमने पुन्हा तपासल्या. पण एकही फटका न खाता जो बॉस, म्हणजे मोठा शत्रू, मी पाडला होता, त्याची अचीव्हमेंट आली नाही. तो क्षण सेव्हमध्ये लिहिलेलाच नव्हता. तीन संध्याकाळी घालवल्या होत्या त्यावर! सगळेच गेम अशी फेरतपासणी करतात असंही नाही, त्यामुळे त्या भरवशावर राहू नका.

म्हणूनच स्वतःची वही ठेवणारे गेम मला फार मोलाचे वाटतात. स्टारड्यू व्हॅलीत यादी मेनूतच आहे, आणि अचीव्हमेंट मिळाली की टोप्या विकणाऱ्या उंदराकडे नवी टोपी येते. फॅक्टोरिओ तर मॉडसह (खेळाडूंनी बनवलेले बदल टाकून) खेळताना मिळालेल्या अचीव्हमेंट वेगळ्या ठेवतो. त्या स्टीमवर जात नाहीत, पण गेममध्ये दिसतात. इतकी काळजी मी फार थोड्या गेममध्ये पाहिली.

क्लायंटची एक गोष्ट मात्र मला खरंच हवीशी वाटते: स्टीमवर प्रत्येक अचीव्हमेंट किती टक्के खेळाडूंना मिळाली ते दिसतं. अवघड काम जमल्यावर तो छोटा आकडा पाहण्यात वेगळाच आनंद आहे.

आता नवा गेम घेतला की आधी मेनूत स्वतःची यादी आहे का ते पाहतो. नसेल आणि अचीव्हमेंट हव्या असतील, तर क्लायंट पहिल्या दिवसापासून चालू. सेव्हचा फोल्डर दर आठवड्याला दुसरीकडे कॉपी करतो. माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीत २०१७ पासून अचीव्हमेंटच्या जागी अ‍ॅडव्हान्समेंट आल्या, आणि त्या प्रत्येक जगाच्या फोल्डरमध्ये साध्या मजकुराच्या फाइलीत राहतात. परवा माझ्या जुन्या जगाची ती फाइल नोटपॅडमध्ये उघडली. पहिला हिरा मिळाला त्याची तारीख आणि वेळ, सेकंदासकट, तिथे होती.