ट्रायपॉड की हातातला कॅमेरा?

स्वयंसेवक म्हणून कार्यक्रमाचं थेट चित्रीकरण करणार असाल, तर माझं मत आधीच सांगते: मुख्य कॅमेरा ट्रायपॉडवरच हवा. थेट प्रक्षेपणात रीटेक नसतो. कॅमेरा हातात धरून उभं राहिलं की थोड्याच वेळात खांदा भरून येतो, आणि झूम केलेल्या फ्रेममध्ये तुमचा श्वाससुद्धा दिसतो. फ्लुइड हेड (ट्रायपॉडचा वरचा, कॅमेरा धक्क्याविना फिरवू देणारा भाग) असेल तर वक्ता चालू लागला तरी पॅन, म्हणजे कॅमेरा आडवा फिरवणं, अलगद होतं. फक्त हेडचा ताण आधीच जुळवून घ्या आणि हँडल चिमटीत, हलकं धरा. ट्रायपॉडचा एक पाय लेन्सच्या दिशेने ठेवला की मागे दोन पायांच्या मधे उभं राहायला जागा मिळते. केबल जमिनीला टेपने चिकटवाच, कुणी अडखळायला नको.

हातातला कॅमेरा मात्र माणसांजवळ जातो. बक्षीस घेताना थरथरणारी बोटं, मागच्या रांगेत डोळे पुसणारी आजी, हे ट्रायपॉडवरून क्वचितच सापडतं. लेन्स वाइड ठेवा, म्हणजे झूम करू नका, आणि कोपरं अंगाला टेकवा.

सोबत दुसरं कुणी असेल तर हातातला कॅमेरा त्यांच्याकडे द्या. एकटे असाल तर ट्रायपॉड सोडू नका. आवाज शक्यतो साउंड मिक्सरमधूनच (कार्यक्रमाचे माइक जिथे जोडलेले असतात तिथूनच) घ्या. कॅमेऱ्याच्या माइकवर भाषणापेक्षा जवळच्यांची कुजबुज जास्त येते.