घरगुती सीएनसी राउटरची लूज बेअरिंग: आवळायची, लांब बसवायची की रेलच बदलायची?

संगणकाच्या हुकमावर लाकूड कापणाऱ्या सीएनसी राउटरवर प्लायमध्ये कापलेला गोल अंडाकृती येतो, कडेवर लाटा उमटतात, आणि संशय लगेच लिनिअर बेअरिंगवर (रेलवर सरळ रेषेत सरकणाऱ्या बेअरिंगवर) जातो. खर्चात पडण्याआधी 0.01 मिमीचा डायल गेज (बारीक हालचाल दाखवणारं काट्याचं मापक) लावून बघा. एसबीआर रेलचा (खालून पूर्ण आधार असलेल्या गोल रॉडचा) पाया ॲल्युमिनियमचा असतो, चुंबकी स्टँड त्यावर धरत नाही; क्लॅम्पने बांधा. गेजचं टोक ब्लॉकवर (बेअरिंग ज्यात बसते त्या सरकत्या घरावर) टेकवा आणि स्पिंडलला (टूल फिरवणाऱ्या मोटरला) स्प्रिंग काट्याने 2 किलो जोर देऊन रेलला आडवं ओढा, मग उलट बाजूला. रेलच्या दिशेने ओढलं तर लीडस्क्रूच्या (अक्ष हलवणाऱ्या आट्यांच्या दांड्याच्या) नटचा प्लेही (ढिलेपणाही) त्यात मिसळेल.

सोडल्यावर गेजचा काटा आपोआप शून्यावर आला, तर ती लवचीकता: रॉड किंवा चौकट वाकते आहे. जिथे नेला तिथेच थांबला, तर तो बेअरिंगमधला प्ले. ब्लॉक स्थिर आणि टूलचं टोकच हलतंय? मग बेअरिंग सोडा, स्पिंडलचा क्लॅम्प तपासा.

फक्त दोन टोकांवर धरलेल्या रॉडवर राउटर असेल तर प्ले काढूनही पूर्ण समाधान होत नाही. 16 मिमीचा, 600 मिमी लांब रॉड मध्यावर 5 किलोच्या भाराने सुमारे 0.34 मिमी लवतो. 20 मिमीचा घेतला तर 0.14. इथे नवीन बेअरिंग घेणं म्हणजे पैसे पाण्यात. खालून पूर्ण आधार असलेली रेलच घ्या.

एसबीआर16 वर आहात? मग पहिला उपाय फुकटात होतो. ब्लॉकच्या बाजूला छोटा ॲलन स्क्रू असतो, तो आवळला की चिरलेलं घर बेअरिंगवर मिटतं. लीडस्क्रूचा नट मोकळा करा, एका वेळी एकाच ब्लॉकचा स्क्रू एक अष्टमांश फेरा फिरवा आणि कॅरेज (ब्लॉकवर बसलेला सरकता भाग) हाताने या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवा. सगळीकडे सारखा, हलका अडसर जाणवला की थांबा आणि स्क्रूवर निळ्या लोकटाइटचा (स्क्रू आपोआप ढिला होऊ न देणाऱ्या गोंदाचा) थेंब सोडा. जास्त आवळलं तर गोळे फिरायचे सोडून घसटतात आणि रॉडवर चर पाडतात. कॅरेज एका टोकालाच अडत असेल तर दोष स्क्रूचा नाही, दोन रेल समांतर नाहीत. मध्यभागी ढिली आणि टोकांना घट्ट असेल तर रॉड झिजला आहे. नख आडवं फिरवा, चर लागेल. स्वस्तात मिळतो म्हणून न कठिणलेला स्टेनलेस रॉड घेणाऱ्यांच्या नशिबी हे हमखास येतं.

झेड अक्षावर (टूल वर-खाली नेणाऱ्या) मात्र आवळण्यापेक्षा दोन ब्लॉकमधलं अंतर वाढवणं जास्त कामी येतं. प्रत्येक ब्लॉकमध्ये एकूण 0.05 मिमी प्ले, ब्लॉकमधलं अंतर 60 मिमी आणि टूलचं टोक त्यांच्या मध्यापासून 150 मिमी खाली धरलं, तर टोकाची हालचाल 0.25 मिमीपर्यंत जाते. तेच ब्लॉक 120 मिमीवर बसवले की ती निम्मी. खर्च काय, तर लांब प्लेट आणि त्याच मापात कमी झालेली सरकण्याची लांबी.

एचजीआर15 प्रोफाइल रेल (गोल रॉडऐवजी चौकोनी कापाची) सगळ्यांत कडक. प्रीलोड असलेला (गोळे आधीच दाबून बसवलेला) ब्लॉक घेतला तर प्ले उरत नाही. पण ती जागेवर बदलून बसत नाही. एसबीआर16 ची एकूण उंची 45 मिमी, एचजीएच15सीए (एचजीआर15 रेलवरचा ब्लॉक) ची 28, म्हणजे 17 मिमीची पट्टी घालावी लागते. भोकं 32×30 ऐवजी 26×26, बोल्ट एम5 ऐवजी एम4. ब्लॉकमधली आट्यांची खोली जेमतेम 5 मिमी असल्याने बोल्टची लांबी मोजूनच घ्या. पृष्ठभाग पिळलेला असेल तर हीच रेल जास्त त्रास देते, कारण एसबीआरसारखी ती चूक पोटात घालत नाही. एक रेल सरळपट्टीला धरून पूर्ण आवळा, दुसरी ढिली ठेवा. गॅन्ट्री (स्पिंडल वाहणारा आडवा पूल) पुढेमागे नेत, ती जिथे असेल तिथले या दुसऱ्या रेलचे बोल्ट आवळत जा. ब्लॉक रेलवरून काढताना प्लास्टिकची डमी रेल लावा, नाहीतर गोळे जमिनीवर शोधत बसाल. नव्या ब्लॉकमधलं तेल बहुधा फक्त गंजापासून बचावासाठी असतं. लिथियम ग्रीस भरल्याशिवाय चालवू नका.

बजेट एकाच अक्षापुरतं असेल तर प्रोफाइल रेल झेडला लावा. एक्स आणि वाय एसबीआरवर नीट आवळून लाकूड, प्लाय, एमडीएफ व्यवस्थित कापतात. ॲल्युमिनियम रोज कापायचं असेल तर तिन्ही अक्ष बदलावे लागतील, आणि त्यासाठी आधी चौकट कडक लागेल.