ट्रिपल आयटीएम, मॅनिट की एसजीएसआयटीएस? रँक एकच, चान्स वेगवेगळा

आमच्या ग्वाल्हेरच्या मराठी घरांमधून दरवर्षी जेईई मेन्सचा, म्हणजे इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेचा, रिझल्ट लागला की एकच प्रश्न येतो, एवढ्या पर्सेंटाइलला काय मिळेल हो? माझी भाची ९८ पर्सेंटाइल घेऊन आली तेव्हा घरात पेढे वाटून झाले होते, पण पर्सेंटाइलवरून काहीच कळत नाही, रँक बघावा लागतो. २०२४ मध्ये १४ लाखांवर मुलं बसली होती, त्या हिशोबाने ९८ म्हणजे तुमच्या पुढे साधारण २८ हजार जण.

आता तिन्ही कॉलेजं शेजारी ठेवून बघू.

ट्रिपल आयटीएम म्हणजे आपलं ग्वाल्हेरचं आयआयआयटीएम, मुरैना रोडचं, १९९७ चं. पोरगी घरून जाऊन-येऊन शिकेल असं ताईच्या मनात होतं, पण इथे होम स्टेट कोटाच नाही, म्हणजे राज्यातल्या मुलांसाठी राखीव सीट्सच नाहीत, ग्वाल्हेरच्या मुलीला आणि गुंटूरच्या मुलाला ऑल इंडियाची एकच लाइन. गाव आपलं म्हणून एक रँकसुद्धा सुटत नाही, हे खूप लोकांना माहीतच नसतं.

भोपाळचं मॅनिट एनआयटी, म्हणजे केंद्राचं इंजिनिअरिंग कॉलेज आहे, तिथे निम्म्या सीट्स होम स्टेटच्या. भाची जोसाच्या (एनआयटी, ट्रिपल आयटीच्या सीट्स वाटणारं केंद्राचं काउन्सेलिंग) क्लोजिंग रँकची, म्हणजे सीट मिळालेल्या शेवटच्या रँकची, प्रिंट घेऊन बसली होती आणि रडवेली झाली होती, मी बघितलं तर ती ओएसच्या, म्हणजे बाहेरच्या राज्यांच्या ओळीत, तेही जेंडर-न्यूट्रलमध्ये बोट फिरवत होती. तिची ओळ एचएस, म्हणजे होम स्टेट, आणि फीमेल-ओन्ली, म्हणजे फक्त मुलींच्या सीट्सची. गुलाबी हायलायटरने फक्त तेवढ्याच ओळी रंगवल्या, मागच्या तीन वर्षांच्या, शेवटच्या राऊंडच्या, आणि मग चित्र वेगळंच दिसलं. ट्रिपल आयटीएममध्ये तिचा रँक कुठेच बसत नव्हता, मॅनिटला कंप्युटर सायन्स नाही पण मेकॅनिकल तिन्ही वर्षं बसत होतं. मी असंच मोजते, तिन्ही वर्षं बसला तर जवळजवळ नक्की, एखाद्या वर्षी बसला तर आशा ठेवा, कधीच नाही तर फॉर्ममध्ये भरा पण त्यावर विसंबू नका. आणि एचएस नेहमी सोपाच असतो असंही नाही, ब्रांच-ब्रांच बघावं लागतं.

एक गोष्ट मात्र अगदी जिवावर येते ती कोचिंगसाठी राजस्थानातल्या कोटा शहरात जाण्याची. जोसामध्ये होम स्टेट ठरतं बारावी कुठून पास झालात त्यावरून, घर कुठे आहे त्यावरून नाही. ओळखीतल्या एका मुलाने कोचिंगच्या सांगण्यावरून बारावीचं ॲडमिशनही तिकडच्याच शाळेत घेतलं आणि मॅनिटच्या एचएसमधून बाहेर पडला, आई-वडिलांना हे काउन्सेलिंगच्या दिवशी कळलं. हे आधी विचारा.

इंदूरच्या एसजीएसआयटीएसचं उलटं आहे. १९५२ चं जुनं कॉलेज, ॲडमिशन मेन्सच्याच रँकवर पण एमपी डीटीईच्या, म्हणजे राज्याच्या तंत्रशिक्षण खात्याच्या, काउन्सेलिंगमधून, तिथे मूल निवासी (राज्याचा रहिवासी असल्याचं) प्रमाणपत्र चालतं, म्हणजे कोटा शहरातून बारावी केलेल्यालाही इथली राज्याची सीट मिळू शकते. रजिस्ट्रेशन मात्र वेगळं करावं लागतं, जोसाचा फॉर्म भरला म्हणजे झालं असं समजू नका.

मग मॅनिटचं मेकॅनिकल की एसजीएसआयटीएसचं आयटी? भाऊजी एनआयटीच्या नावावर अडून बसले होते. मुलीला कोडिंगच करायचंय, नववीपासून करतेय, तर मी इंदूर म्हणेन आणि ठाम म्हणेन, चार वर्षं नको असलेल्या विषयात काढणं फार जड जातं. मुलाला नक्की काय हवं ते अजून कळलं नसेल, तर मॅनिट घ्या, कॅम्पस मोठा, बाहेरच्या राज्यांची मुलं भेटतात.

चॉइस भरताना वरती बिनधास्त ट्रिपल आयटीएमचं सीएसई (कंप्युटर सायन्स) टाका, वर अवघड नाव लिहिल्याने खालचा चान्स कमी होत नाही. पण जी सीट मिळाली तर घ्यायचीच नाही ती भरू नका. बारावीला ७५ टक्के किंवा बोर्डाच्या टॉप २० पर्सेंटाइलमध्ये असणं जोसाला लागतं (एससी-एसटीला ६५ टक्के), तेही बघून घ्या.

ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) किंवा ओबीसी असाल तर सर्टिफिकेट केंद्राच्या फॉरमॅटचं आणि त्याच वर्षीच्या १ एप्रिलनंतरचं हवं. राज्याचं जुनं घरात आहे म्हणून थांबू नका, एप्रिल लागला की लगेच तहसीलला अर्ज टाका.