ड्रम मॉवर घेऊन अकरा महिने झाले : मुरघासाची वैरण कापताना काय जमलं, काय नाही

आमचं घर आणि रान निपाणी तालुक्यात, वेदगंगेच्या काठाला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि परत २०२१ च्या जुलैत नदी रानात शिरली तेव्हा उभी वैरण पाण्याखाली कुजली. २०२१ ला तर यमगर्णीजवळ हायवेवरच पाणी आलं, त्यामुळं बाहेरून कडबा आणायचीही सोय राहिली नाही. गोठ्यात अकरा जनावरं आणि दावणी रिकाम्या. तेव्हा आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या, "हितनं फुडं पाणी यायच्या आत वैरण पिशवीत पायजे." तेव्हापासून आम्ही मुरघास करतो, म्हणजे हिरव्या वैरणीची कुट्टी हवाबंद पिशवीत दाबून आंबवतो.

आधी नुसत्या मक्याचा करायचो. नंतर ओट, लसूणघास आणि बरेच कापे देणारं कडवळ लावलं, आणि अडचण झाली कापणीची. इळ्यानं एकरभर ओट कापायला सहा-सात बायकांचा पूर्ण दिवस जातो. ओट कापायला येतो जानेवारीत, तेव्हा सगळे मजूर ऊसतोडीत. एक वर्ष ओट कापायला बारा दिवस उशीर झाला, दाणा पक्का झाला, काड पोकळ आणि कोरडं पडलं. पिशवीत कितीही तुडवलं तरी हवा निघेना आणि निम्म्या पिशव्यांत बुरशी आली. त्यानंतर ट्रॅक्टरला जोडायचं कापणीचं मशीन घ्यायचं ठरलं.

घेण्याआधी तीन प्रकार बघितले. शेजारच्यांकडं कटर बार आहे, कात्रीसारखी पाती पुढंमागं सरकतात तो. उभ्या ओटात त्याच्यासारखी कापणी नाही. बुडखा एकसारखा राहतो, लहान ट्रॅक्टरही सहज ओढतो. पण अवकाळी पावसानं ओट लोळला तेव्हा दर दहा पावलांवर खाली उतरून पात्यांत अडकलेलं गवत ओढून काढावं लागत होतं, आणि खडा लागला की पातं तुटलं, रिव्हेट मारत बसा. डिस्क मॉवर वजनाला हलका आणि गवत पसरून टाकतो, ते मला आवडलं होतं. पण त्याचे सगळे गिअर जमिनीलगतच्या पट्टीत असतात, आणि आमच्या वरच्या तुकड्यात दगड आहेत. ड्रम मॉवरचे गिअर वरच्या बाजूला, खाली फक्त ड्रम आणि फिरती ताटली. म्हणून दोन ड्रमचा, १.६५ मीटर रुंदीचा घेतला. दोन ड्रम आतल्या बाजूला एकमेकांकडं फिरतात, प्रत्येकाला तीन पाती. कापलेलं गवत मधून मागं पडतं आणि सरळ ओळ लागते.

ट्रॅक्टर आमचा ४२ एचपीचा. दुकानदार म्हणाला होता, कुठलाही चालतो. चालेल, पण मशीन साडेतीनशे-चारशे किलोच्या घरात आणि ते सगळं उजव्या अंगाला लटकतं. बांधावर वळताना पुढची चाकं हलकी होतात हे पहिल्याच दिवशी कळलं. पुढं वजनं लावल्यावर फरक पडला. तुमचा ट्रॅक्टर तीसच्या आसपास असेल तर १.३५ मीटरचा बघा. रुंदी जास्त म्हणजे काम जास्त, असा हिशोब आमच्यासारख्या पाच-दहा गुंठ्यांच्या तुकड्यांत बसत नाही. अर्धा वेळ तर वळण्यातच जातो. एकराला आम्हाला पाऊण तास लागतो, मोठ्या सरळ तुकड्यात त्याहून कमी.

दुकानातून मशीन आलं तेव्हा पीटीओ शाफ्टची, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागून मशीनला फिरवणाऱ्या दांड्याची, लांबी कुणी बघितलीच नव्हती. भाऊजींनी जोडून वर उचललं आणि आतून टक्‌ टक्‌ आवाज यायला लागला. दोन नळ्या पूर्ण एकमेकींत जाऊन टोकं भिडली होती. तसंच चालवलं असतं तर गिअरबॉक्स गेला असता. दुकानातून माणूस येईना, शेवटी आमच्या गावच्या वेल्डिंगवाल्याकडं दोन्ही नळ्या मापानं कापून घेतल्या. मशीन ताब्यात घेताना दुकानदारासमोरच ते पूर्ण वर उचलून आणि पूर्ण खाली टेकवून बघा. दोन्ही वेळी नळ्या भिडायला नकोत आणि निसटायलाही नकोत.

पण आमचं खरं नुकसान झालं ते कापणीच्या उंचीत, आणि त्यात चूक आमचीच होती. पहिला ओट जानेवारीत कापला. वाटलं, जितकं खालून कापू तितकी वैरण जास्त. टॉप लिंक, म्हणजे मशीनला ट्रॅक्टरशी वरून जोडणारा दांडा, आवळून मशीनचं तोंड खाली केलं आणि जमिनीला घासून कापलं. दिसायला रान दाढी केल्यासारखं झालं. पण जिथं ढेकूळ होतं तिथं पात्यांनी मातीच उडवली आणि ती ओळीत मिसळली. कुट्टी करताना मशीनच्या तोंडाशी धूळ दिसत होती, तरी आम्ही थांबलो नाही. पंचेचाळीस दिवसांनी पहिली पिशवी सोडली. चांगल्या मुरघासाला आंबटगोड वास येतो, लोणच्याच्या बरणीसारखा. या पिशवीतून ओकारी येईल असा वास आला, आणि हात घातला तर कुट्टी बुळबुळीत. पंढरपुरी म्हशीनं तोंड लावलं, फुरफुरली आणि मान फिरवली. मातीतून क्लॉस्ट्रिडियम नावाचे जिवाणू येतात. वैरण चांगली आंबून जे लॅक्टिक आम्ल तयार होतं, ते खाऊन हे ब्युटिरिक आम्ल करतात, हा वास त्याचाच. सतरा पिशव्या उकिरड्यावर टाकल्या. आत्याबाई काही बोलल्या नाहीत, तेच जास्त लागलं.

त्यानंतर ड्रम आणि खालची ताटली यांच्यामध्ये बसणाऱ्या रिंगा मागवल्या. त्या घातल्या की पाती जमिनीपासून वर राहतात. थोडाफार फरक टॉप लिंक सैल करूनही पडतो, पण नुसत्या टॉप लिंकवर भागवू नका, तोंड फार वर गेलं की मागची कड जमिनीत घुसते. आता लसूणघास चार बोटं ठेवून कापतो, ओट त्याहून थोडा वर, आणि कडवळ अर्ध्या वितीच्या वर. घास फार खालून कापला तर त्याच्या गड्ड्यालाच इजा होते, पुढचा कापा विरळ येतो, तेही आम्ही एका तुकड्यात करून बघितलंय. कडवळाचे फुटवे तर बुडख्यावरच्या कांड्यांतूनच निघतात. वैरण थोडी कमी निघाल्यासारखी वाटते, पण पुढच्या कापणीत ती भरून येते. उंची बदलल्यापासून एकही पिशवी टाकावी लागली नाही.

भाऊजींना एक सवय मोडावी लागली, डिझेल वाचवायला रेस कमी ठेवायची. ही पाती कात्रीसारखी कापत नाहीत, वेगानं मारून तोडतात. पीटीओ मिनिटाला ५४० फेऱ्यांवर फिरलाच पाहिजे. रेस कमी झाली की काड फाटतं, बुडख्याला झिपऱ्या राहतात आणि दोन दिवसांत त्या पिवळ्या पडतात. वेग कमी करायचा तर गिअर खालचा टाका, रेस पूर्ण ठेवा.

या मशीनचा दोष म्हणजे ओळ जाड पडते. वरचं गवत सुकतं, मधलं ओलंच राहतं. मुरघासाला ओलावा ६५ ते ७० टक्के लागतो, आणि फुलोऱ्यातला ओट त्याहून बराच ओला असतो. म्हणून सकाळी दव उडाल्यावर कापायचं, दुपारी दाताळ्यानं ओळ उलटायची आणि संध्याकाळी कुट्टी. मी मूठभर कुट्टी घट्ट दाबून बघते. हाताला ओल लागली पण पाणी गळलं नाही, आणि मूठ उघडल्यावर गोळा सावकाश सुटला, की भरायला घेते. लसूणघासात साखर कमी, तो एकटा नीट आंबत नाही. त्यात ओट मिसळतो आणि गुऱ्हाळावरची काकवी पाण्यात कालवून शिंपडतो.

हत्तीगवताला मात्र हे मशीन नको. यशवंत, जयवंत किंवा त्याच जातीचं जाड ताटांचं गवत माणसाच्या उंचीवर गेलं की ड्रम ते कापण्याआधी ढकलून आडवं पाडतो आणि बुडखे चिरतात. आम्ही दोन सऱ्यांत बघितलं आणि सोडून दिलं, ते अजून इळ्यानंच कापतो. मक्यालाही हे नाही, त्याला ओळीतून कापून कुट्टी करणारं वेगळं मशीन असतं. कडवळ दाट पेरून काड बारीक ठेवलं तर छान कापतं. आणि कडवळ कोवळं असताना कापायची घाई करू नका. पाण्याचा ताण पडलेल्या कोवळ्या कडवळानं जनावराला किरळ लागते, म्हणजे विषबाधा होते. आम्ही फुलोऱ्याशिवाय मशीन घालत नाही.

जूनमध्ये नदीकडच्या तुकड्यात एक तार ड्रमला गुंडाळली. पुराबरोबर कुंपणं वाहून येतात, गाळात बुजतात आणि वर्षांनी वर निघतात. भाऊजींनी लगेच पीटीओ बंद केला, तरी एका पात्याची पकड वाकली. मी बांधावर होते, एक खडा मशीनभोवतीच्या पडद्याखालून सुटून माझ्यापासून हातभर अंतरावर आंब्याच्या खोडाला लागला. त्या दिवसापासून मशीन चालू असताना त्या तुकड्यात कुणी थांबत नाही, पोरं तर नाहीच. पुढचा पडदा फाटला असेल तर तो बदलल्याशिवाय मशीन रानात नेऊ नका.

बाकी देखभाल फार नाही. पट्ट्यांचा ताण सुरुवातीच्या दिवसांत दोनदा बघावा लागला. पाती उलटून दुसरी धार वापरता येते. बदलताना एका ड्रमची तिन्ही एकदम बदला, नाहीतर ड्रम थरथरतो. पाती कोल्हापूरला मिळतात, वाकलेली पकड बेळगावला उद्यमबागेत दुरुस्त करून आणली.

पैशाचं म्हणाल तर, नुसत्या आमच्या दीड एकर वैरणीवर हे मशीन परवडलं नसतं. आजूबाजूच्या चार घरांचं तासावर कापून देतो म्हणून जमतंय. ज्यांची जनावरं पाच-सहाच आहेत त्यांनी भाड्यानं कापून घ्यावं, कर्नाटकात अवजारं भाड्यानं देणाऱ्या कृषी यंत्रधारे केंद्रात चौकशी करावी. अनुदानातून घ्यायचं असेल तर आधी रैत संपर्क केंद्रात, म्हणजे कृषी खात्याच्या स्थानिक कार्यालयात, यादीत कुठली मॉडेलं आहेत ते बघा, मग दुकानात जा. आम्ही उलटं केलं.

आता पिशव्या १४० भरून ठेवल्यात, सगळ्या माळावरच्या शेडमध्ये, पाण्याच्या रेषेच्या वर. दिवाळीनंतर ओट पेरायचा आहे. वरच्या तुकड्यातले दगड वेचायला कालपासून लागलोय, आणि पेरणीनंतर या वेळी ढेकळांवर रोलर फिरवून घेणार आहे.